हात बाहेर

त्या घरात औजार जोडायची एक रीत होती. एक जण ट्रॅक्टरच्या सीटवर, एक जण मागे. मागचा माणूस वाकून पीटीओचा, म्हणजे इंजिनाची फिरकी औजाराला देणारा, शाफ्ट ट्रॅक्टरच्या खुंटावर चढवायचा. खुंटाला दात, शाफ्टच्या तोंडात आतून खाचा. दात खाचेत आले तर ठीक, नाहीतर कितीही रेटा, ढिम्म हलायचं नाही. अशा वेळी मागचा म्हणायचा, "टिचकी दे." मग सीटवरचा विचारायचा, "हात?" मागच्याने दोन्ही हात काढून घ्यायचे आणि मोठ्याने सांगायचं, "बाहेर!" तेव्हाच सीटवरच्याने क्लचवरचा पाय केसभर उचलायचा. खुंट जरासा फिरायचा, दात खाचेसमोर यायचे, आणि पुढच्या रेट्याला शाफ्ट खट्कन बसायचा.

शहाणी माणसं इंजिन बंद करतात आणि शाफ्ट हातानेच फिरवून बसवतात. पण हे दोघे भाऊ, थोरला आणि धाकटा, जन्माचे घाईचे. इंजिन बंद करा, उतरा, पुन्हा चढा, पुन्हा चालू करा, एवढा दम कुणाला होता? वीस वर्षं त्यांनी असंच जोडलं आणि वीस वर्षं काही झालं नाही. काही झालं नाही म्हणजे आपलं बरोबर आहे, असं माणसाला वाटतं, त्याला काय करणार!

तीन वर्षांपूर्वी थोरला मागे होता आणि धाकटा सीटवर. धाकट्याने "हात?" विचारलं, त्याला "बाहेर!" ऐकू आलं, त्याने पाय उचलला. थोरल्याचे हात बाहेर नव्हते. शर्टाची बाही आधी गेली, मग बाकीचं. क्लच पुन्हा दाबून इंजिन बंद होईपर्यंत सगळं संपलं होतं.

थोरल्याची बायको, जिला आसपासची सगळी माणसं वहिनीच म्हणत, धावत शेडमध्ये आली तेव्हा तिने एक गोष्ट पाहिली आणि ती तिच्या डोक्यातून कधीच गेली नाही. थोरल्याच्या दातांत औजार अडकवायच्या कडीची पिन होती. दोन्ही हात गुंतलेले असले की ती पिन तोंडात धरायची सवय दोघा भावांना होती. लहानपणापासून आई ओरडायची, "गिळाल मेल्यांनो एक दिवस!" ती पिन थोरल्याने मरतानाही सोडली नव्हती. डॉक्टरांना जबडा उघडून काढावी लागली.

"दातांत पिन धरलेला माणूस 'बाहेर' कसा म्हणेल?" वहिनीने दिवस उरकल्यावर धाकट्याला सगळ्यांसमोर विचारलं होतं. "तुम्ही उत्तराची वाट पाहिलीच नाहीत, भाऊजी. घाई केलीत. निदान कबूल तरी करा."

"मी ऐकलं, वहिनी," धाकटा म्हणाला होता. "दादाचाच आवाज. इंजिन एवढं धडधडत होतं, तरी अगदी कानाशी बोलल्यासारखा. ओरडून नाही. शांतपणे."

हे त्याने तेव्हा सांगितलं, नंतर सांगितलं, आणि पुढची तीन वर्षं कधी जेवताना, कधी अंगणात, कधी कुणी विचारलं नसतानाही सांगत राहिला. दर वेळी शब्द तेच. कानाशी बोलल्यासारखा. वहिनीला त्या शब्दांचा वीट आला होता. पाठ केलेलं खोटं असंच असतं, एक शब्द इकडचा तिकडे होत नाही, असं ती सासूला म्हणायची. सासू उठून कामाला लागायची. एक मुलगा गेलेला आणि तो दुसऱ्याच्या हातून गेलेला, मधल्यामध्ये तिने बोलावं तरी काय?

वहिनीने शाफ्ट बदलला, माती फोडणारा रोटाव्हेटर बदलला. ट्रॅक्टर तोच राहिला, कारण पोट त्याच्यावर होतं. लोकांची शेतं भुसभुशीत करून देण्याचा धंदा तिने स्वतः शिकून चालवला. सीटशेजारी मागचं दिसेल असा आरसा बसवला. आणि नवा नियम केला: जोडताना इंजिन बंद, आणि चावी मागे वाकणाऱ्याच्या खिशात. धाकट्याला तिने मागे कधी उभं केलं नाही, पुढे कधी बसवलं नाही. जोडायला ती गावातल्या फिटरला बोलवायची. धाकटा नुसता ग्रीस भरायचा, टायर धुवायचा, घरातल्या परक्यासारखा वावरायचा.

एक गोष्ट मात्र वहिनीने कुणाला सांगितली नव्हती. सकाळी शेड उघडून ती खुंटावर हात ठेवायची तेव्हा तो कोमट लागायचा. रात्रभर उभ्या ट्रॅक्टरचं लोखंड गार हवं. पत्र्याची ऊब असेल, ती स्वतःला समजवायची. शेडचं तोंड पश्चिमेला होतं आणि सकाळचं ऊन तिथे फिरकतही नव्हतं, हेही तिला माहीत होतं.

शेवटी या महिन्यात तिने मनातलं बोलून टाकलं. "या घरात एक तर मी राहीन नाहीतर तुम्ही. मला रोज तुमचं तोंड बघवत नाही." धाकट्याने वाद घातला नाही. दूरच्या एका कारखान्यात काम बघितलं, बॅग भरली. आज चारच्या गाडीने तो कायमचा जाणार होता. बॅग ओट्यावर होती आणि सासू सकाळपासून स्वयंपाकघराच्या शेडकडच्या खिडकीत लसूण सोलत बसली होती. एवढा लसूण त्या घराला वर्षभर पुरला असता.

आणि नेमका आजच ट्रॅक्टरचा स्टार्टर गेला. फिटर तो काढून दुरुस्तीला घेऊन गेला आणि तिकडेच अडकला. बागवाल्याचा तिसरा फोन आला, माती आज मोकळी झाली नाही तर त्याची रोपं सुकणार होती. धाकट्याने ट्रॅक्टर उतारावर सोडला, गिअर टाकून चालू केला आणि मागे घेत घेत रोटाव्हेटरसमोर आणून उभा केला. दोन्ही बाजूंचे आणि वरचा, असे तिन्ही दांडे त्याने एकट्याने जोडले. राहिला शाफ्ट.

"बंद केला तर पुन्हा उतारावर न्यावा लागेल," तो म्हणाला. "औजार जोडलेलं असताना तिकडे जायचा नाही. जुन्या रीतीने करू या का? एकदाच."

भर दुपार होती. पत्रा तापून कडकडत होता. वहिनी ट्रॅक्टरकडे बघत उभी राहिली. नियम तिचा होता, मोडायचाही तिलाच होता. संध्याकाळी हा माणूस गेल्यावर ट्रॅक्टर उतारावर सोडायला कोण येणार होतं?

"मी वर बसते," ती म्हणाली. "तुम्ही मागे."

धाकट्याने मान डोलावली. तीन वर्षांत पहिल्यांदा तो तिच्यासोबत जोडणीला हात लावणार होता. त्याच्या चेहऱ्यावर भीती होती की समाधान, हे तिला कळलं नाही आणि तिने समजून घ्यायचा प्रयत्नही केला नाही.

ती चढली. क्लच पूर्ण दाबला, पीटीओचा लिव्हर टाकला. सीट, स्टिअरिंग, आरसा, सगळं इंजिनाबरोबर थरथरत होतं. आरशात धाकट्याची पाठ तेवढी कळत होती, तीही धूसर. तो वाकला, शाफ्ट उचलला, रेटला. बसेना. पुन्हा रेटला.

"टिचकी द्या, वहिनी!" तो इंजिनाच्या वर ओरडला.

"हात?" तिने विचारलं. तीन वर्षांत तो शब्द त्या शेडमध्ये कुणी उच्चारला नव्हता.

"बाहेर."

आवाज धाकट्याचा होता. जरा घोगरा, शेवटचं अक्षर गिळणारा, ओळखीचा. वहिनीचा पाय आपोआपच वर येऊ लागला. क्लचची तार सैल पडताना तिच्या टाचेला जाणवली.

आणि मग तिला काहीतरी खटकलं. मघाशी टिचकी मागताना धाकट्याला घसा फाटेपर्यंत ओरडावं लागलं होतं. हा शब्द मात्र कुणी ओरडलाच नव्हता. तो शांतपणे आला होता. अगदी कानाशी बोलल्यासारखा.

शंभर वेळा ऐकलेले, वीट आलेले ते शब्द. तिने जीव खाऊन पाय खाली दाबला आणि हाताने इंजिन बंद करायचा दट्ट्या ओढला. ट्रॅक्टर दोन गचके देऊन गप्प झाला.

ती वळली. धाकटा अजून वाकलेलाच होता. दोन्ही हात मनगटांपर्यंत शाफ्टच्या तोंडाशी, बाही खुंटाला घासत होती. त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. त्याच्या दातांत कडीची पिन होती.

वहिनी खाली उतरली ती जवळजवळ पडलीच. टायरला धरून उभी राहिली. धाकट्याने हात बाहेर काढले, पिन तळहातावर घेतली.

"काय झालं? मी अजून हात काढले नव्हते. शाफ्ट सटकायला लागला, म्हणून पिन तोंडात धरून दोन्ही हातांनी सावरत..." तो तिचा चेहरा बघून मध्येच थांबला. मग अगदी हळू म्हणाला, "ऐकलंत?"

तिने होकारार्थी मान हलवली.

"कुणाचा?"

"तुमचा."

"मला दादाचा आला होता," तो म्हणाला, आणि रोटाव्हेटरच्या चौकटीवर मटकन बसला.

"सांगितलं होतंत तुम्ही." वहिनीने धरलेला टायर सोडला. "शंभर वेळा सांगितलंत. मी तुम्हाला खोटारडा म्हटलं. सगळ्यांसमोर म्हटलं. चुकले मी, भाऊजी. तीन वर्षं चुकले."

धाकट्याने तोंडावर बाही दाबली आणि तो रडायला लागला. भाऊ गेला तेव्हाही तो असा रडला नव्हता. त्याला रडायची परवानगीच कुणी दिली नव्हती. वहिनीने पुढे होऊन त्याची दोन्ही मनगटं धरली. काळ्या ग्रीसने माखलेली, कोमट, धडधाकट मनगटं. ती सोडायचं तिला सुचेना. आपण आज आणखी एका माणसाला मारलं असतं आणि उरलेला जन्म "मी ऐकलं, मी ऐकलं" म्हणत काढला असता, हे तिला लख्ख कळत होतं. तिच्यावर तरी कुणी विश्वास ठेवला असता?

शेडमध्ये कसलाही आवाज नव्हता. पत्राही कडकडायचा थांबला होता.

"हात?"

विचारणारी बाई होती. आवाज वरून आला, सीटच्या बाजूने. सीट रिकामी होती.

दोघंही हलली नाहीत. धाकट्याच्या मनगटांवर वहिनीची बोटं एवढी आवळली की तिची नखं पांढरी पडली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांनीही ओठ घट्ट मिटून घेतले.

"अगं, काय चाललंय?" स्वयंपाकघराच्या खिडकीतून सासूने हाक मारली. "इंजिन तर बंद केलंस. मग हात हात काय विचारत बसलीस त्याला?"

"मी नाही विचारलं, आई," वहिनी म्हणाली.

"नाही कसं? तुझा आवाज मला कळत नाही होय? आत्ता ऐकला मी."

"मी नाही बोलले. खरंच सांगते, आई, मी तोंड उघडलं नाही." हे बोलताना आपला आवाज किती खोटा वाटतोय ते तिचं तिलाच ऐकू येत होतं. खिडकीत सासू सुरी हातात धरून तिच्याकडे बघत होती. ती नजर वहिनीच्या ओळखीची होती. तीन वर्षं तीच नजर तिने दुसऱ्या कुणावर तरी रोखली होती.

धाकटा उठला. डोळे पुसले आणि खिडकीकडे तोंड करून, शेजाऱ्यांनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाला, "आई, मी इथेच आहे. मी बघत होतो. वहिनी बोलल्या नाहीत."