वानरबाबाचा उडता नारळ

लाल फडक्याखालचा नारळ टुणकन उडाला आणि दूध संस्थेच्या ओट्यासमोरच्या तीनशे माणसांनी हात जोडले.

"निघालं! पोरीच्या अंगातलं माकड नारळात आलं!" वानरबाबा किंचाळला.

शिरूर कासारजवळचं आमचं गाव. दुष्काळानं दूध आटलेलं, ओटा रिकामाच. म्हणून चेअरमन मोहनरावांनी त्यावर बाबा बसवला. मी संस्थेचा सचिव, त्यामुळे चटई मीच अंथरलेली.

माकड म्हणे आठ वर्षांच्या साखराच्या अंगात. पोरगी एका जागी बसेना, अभ्यास अर्धा टाकून पळे, दुसऱ्याचं बोलणं संपायच्या आत उत्तर देई. आजी तुळजाबाईनं सुनेवर, दगडाबाईवर खापर फोडलं. "पोटुशी असताना ऊसतोडीला गेलती, सूर्याला गिरण लागलं तवा भाईर निगाली. माकड आडवं गेलं!"

बाबानं निकाल दिला, "आईला कायमची माहेरी धाडा. न्हाईतर माकड परत येईल."

दगडाबाई पदर तोंडात धरून रडत होती.

"पोरी, हलू नको!" बाबा ओरडला. पण साखरा कशी थांबणार?

"आत कोण हाय?" म्हणत तिनं फडक्यासकट नारळ उचलला. नारळ खालून पोकळ. आतला बेडूक थेट बाबाच्या दाढीत!

मग म्हातारा धोंडीराम म्हणाला, "बाबा, बेडूक ओला हाय. पाणी कुटं घावलं?"

आठ दिवस टँकर आला नव्हता. बायका बाबाच्या राहुटीत घुसल्या, तर मोहनरावांनी पाठवलेले चार भरलेले हंडे! हंडे गावात गेले, बाबा गावाबाहेर.

दुसऱ्या दिवशी मी साखराच्या घरच्यांना बीडच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या साखराला तपासत होत्या, तेवढ्यात तिचा बाप बन्सी यानं टेबलावरचं पेन खोललं. स्प्रिंग उडून पंख्याला लागली.

"हे लहानपणी कसे होते?" बाईंनी विचारलं.

"लई द्वाड! खांबाला बांधायची मी," तुळजाबाई म्हणाली.

साखराला नीट तपासून, शाळेची माहिती घेऊन बाई म्हणाल्या, "हा एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा, अति चंचलपणाचा विकार. याचा धोका बहुतेक घराण्यातूनच येतो. गरोदरपणी तंबाखू, मिसरी घेतली तर तो वाढत असावा, पण एकाच कारणावर बोट ठेवता येत नाही. ग्रहणाचा संबंध मुळीच नाही."

तुळजाबाईचा चेहरा उतरला. "मिसरी तर मीच दिलती हिला. फडात भूक मरावी म्हून." मग दबक्या आवाजात, "मंग माकड आमच्याच घरचं की."

"आजी, माकड नाहीच! आणि दोष कुणाचाच नाही."

तुळजाबाईनं सुनेचा हात धरला. "चल घरी."

आता साखरा पहिल्या बाकावर बसते, गुरुजी तिला थोडं थोडं काम देतात. अजूनही उठते; पण गणितं पुरी करते.

मूल एका जागी ठरत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा, शाळेशी बोला. त्याच्या आईला गुन्हेगार ठरवू नका.