टोकाच्या कडीवरचं कुंकू

मित्रांनो, माझं नाव सांगण्याआधी मला माझा दोष सांगू द्या. माझ्या टोकाच्या कडीला केसाएवढी भेग होती, आणि तिच्यामुळे एका दहा वर्षांच्या मुलीवर तिने न केलेल्या चुकीचा आळ आला. मी तिथेच होते. सगळं पाहत होते. काठीला तोंड नसतं हे खरं, पण तेवढ्यावर माझी सुटका होत नाही.

होय, मी मासे पकडायची एक जुनी काठी. घरातले मला रॉड म्हणतात. अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायना राज्यात कॅरी नावाचं गाव आहे. तिथल्या एका गॅरेजमध्ये, बर्फ काढायच्या फावड्याशेजारी माझा मुक्काम असतो. एका कारखान्यात काचेच्या धाग्यांपासून माझं अंग घडलं. मुठीला मऊ बूच लावलं आणि अंगावर सहा कड्या बसवल्या. मुठीपाशी रीळ असतं. त्यातला दोरा या सहा कड्यांमधून ओवला जाऊन टोकापर्यंत येतो आणि त्याला गळ लागतो. टोकाची कडी सगळ्यांत लहान, पण कष्ट तिलाच जास्त. मासा ओढू लागला की सगळा ताण तिच्यावर येतो. दोरा घासू नये म्हणून तिच्या आत चिनी मातीचं गुळगुळीत अस्तर असतं.

हेमचंद्रकाकांनी मला निवडलं तेव्हा ते तिशीतले इंजिनिअर होते, भारतातून नुकतेच आलेले. दुकानात त्यांनी दहा-बारा काठ्या हलवून पाहिल्या. कोणी फार ताठ, कोणी फार लेचीपेची. मला हातात घेतलं, टोक जमिनीला हळूच टेकवून वाकवलं आणि म्हणाले, "ही छान नमस्कार करते." मित्रांनो, इतकं गोड मला पुन्हा कोणी काही म्हटलं नाही.

काकांच्या गळ्यात तुळशीची माळ आणि हातात मी! इथल्या महाराष्ट्र मंडळातले लोक चिडवत, "काय हो, माळकरी आणि कोळी एकाच अंगात?"

काका म्हणत, "अहो, मी माशांना फक्त भेटायला बोलावतो. जेवायला नाही."

आणि ते खरंच होतं. कणकेत चिमूटभर हिंग घालून ते गोळ्या वळत. गळाचा उलटा दात पकडीने दाबून टाकत, म्हणजे तो माशाच्या तोंडातून सहज निघे. मासा हाती आला की आधी स्वतःचे हात पाण्यात भिजवत, मग त्याला धरत, दोन शब्द बोलत आणि सोडून देत. तळ्यावर जाता-येता गाडीत कीर्तनाच्या कॅसेट लावलेल्या असत. मी मागे ट्रंकमध्ये, म्हणजे डिकीत, आडवी पडून ऐके. पूर्वरंग जाताना, उत्तररंग येताना. माझ्या बोलण्यात बुवांचं वळण आलं असेल तर ते तिथलं आहे, सांभाळून घ्या.

एकदा घाईत ट्रंकचं झाकण माझ्या टोकावर आपटलं. काकांनी मला उलटसुलट करून पाहिलं. "वाचली," म्हणाले. अंग वाचलं होतं. कडीच्या अस्तराला मात्र आतून भेग गेली होती. ती त्यांना दिसली नाही, आणि पुढे काकांना बढती मिळाली, कामं वाढली, तळं सुटलं. वीस-बावीस वर्षं मी गॅरेजमध्ये उभी होते.

विसरले मात्र नव्हते हं मला. दरवर्षी दसऱ्याला मृणालिनीकाकू शस्त्रपूजा मांडत. लॅपटॉप, स्क्रूड्रायव्हर, गाडीची किल्ली आणि मी. काका माझ्या टोकाच्या कडीला तेलात कालवलेलं कुंकू लावत. का टोकालाच? त्यांच्या मते ते माझं कपाळ होतं. मला काय सुख वाटे म्हणून सांगू! आणि ते कुंकू वर्षानुवर्षं त्या भेगेत जाऊन बसलं. भेग बुजली, लाल झाली, दिसेनाशी झाली. पूजा दरवर्षी झाली, तपासणी एकदाही झाली नाही. मला त्याची लाज वाटायला हवी होती. मी मिरवत राहिले.

या वसंतात काकांची नात अनया तळ्यावर शाळेतल्या मुलांना मासे पकडताना बघून आली.

"आजोबा, तू फिशिंग करायचास? सिरियसली?"

"मग! विचार तुझ्या आजीला."

"विचारू नकोस," काकू आतून म्हणाल्या. "अख्ख्या घराला हिंगाचा वास यायचा."

पुढच्या शनिवारी काका अनयाला दुकानात घेऊन गेले, तुलना करायला म्हणून मलाही. तिथला पांढऱ्या दाढीचा विक्रेता मोठा समजूतदार होता. त्याने अनयासाठी एक आखूड, हलकी, जांभळी काठी काढली. तिच्यावरच्या रिळाला एक बटण होतं. दाबलं की दोरा सुटायचा, लहान हाताला सोपं. अनयाचे डोळे चमकले. मग त्याने मला हातात घेतलं, माझ्या टोकावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "सर, ही सुंदर आहे. पण कड्या एकदा नीट बघून घ्या."

काकांना ते लागलं. "चाळीस वर्षं माझ्याकडे आहे ही. दरवर्षी हिची पूजा करतो आम्ही," ते म्हणाले. त्या बिचाऱ्याने हसून मान हलवली. जांभळी काठी रॅकवर परत गेली. रीळ तेवढं नवीन घेतलं, नवा दोराही घेतला आणि ते माझ्या अंगावर चढवलं.

"आपली रॉड काय वाईट आहे?" काकांनी अनयाला विचारलं.

"नो, इट्स फाइन," ती म्हणाली. तिला ती जांभळीच हवी होती, हे मला कळलं. आणि मित्रांनो, मी मनात जिंकल्यासारखी हसले.

घरामागच्या गवतावर सराव केला, तेव्हा दोरा माझ्या टोकातून जाताना खरखरला. काका क्षणभर थांबले. "नवीन दोरा आहे, बसेल," म्हणाले. शंका त्यांना आली होती. मला तर खात्रीच होती. मी तेव्हाच, त्या गवतावरच, दोरा तोडून टाकायला हवा होता. पण मला पुन्हा तळ्यावर जायचं होतं. एवढीच माझी हाव.

रविवारी सकाळी तळ्यावर अनयाच्या गळाला मासा लागला. मोठा कार्प होता. मी कमानीसारखी वाकले. अनया किंचाळली, "आजोबा! आजोबा! आय गॉट हिम!" तिने मूठ घट्ट धरली, सांगितलं होतं तसं टोक वर ठेवलं. एक चूक केली नाही. आणि माझ्या कडीत दोरा घासला, घासला आणि तुटला. मासा गळ घेऊन खोल पाण्यात गेला.

आजूबाजूला लोक बघत होते. काकांचा चेहरा उतरला. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "अगं, जोरात ओढलंस तू!"

अनयाने माझी मूठ हळूच खाली ठेवली. "त्याच्या तोंडात हुक राहिला," ती म्हणाली. "बिकॉज ऑफ मी."

त्या दिवशी येताना गाडीत काकांनी कीर्तनही लावलं नाही. नंतरचे दोन शनिवार अनया आली नाही. तिच्या आईने फोनवर सांगितलं, "बाबा, ती नको म्हणतेय. म्हणते, मी फिशला हर्ट केलं."

तिसऱ्या शनिवारी दुपारी काका गॅरेजमध्ये आले. फोनवर कीर्तन लावलं आणि मला पुसायला घेतलं. कुंकवाचा राप निघेना, म्हणून त्यांनी काकूंना हाक मारली. काकू देवासाठी वाती वळत होत्या. त्यातलीच एक लांब वात तेलात बुडवून त्या आल्या आणि माझ्या टोकाच्या कडीतून ओढू लागल्या. वात अडकली. त्यांनी पुन्हा ओढली, तर कापसाचे धागे भेगेवर लोंबत राहिले.

"अहो, हे काय हो? इथे तडा आहे."

काकांनी चष्मा लावला. फोनवर बुवा सांगत होते, "देवापुढे दंडवत घालणं सोपं आहे हो. देव उलट विचारत नाही. ज्याच्यावर अन्याय केलात त्या लेकरापुढे वाकून दाखवा, मग मला भक्ती सांगा!" आणि टाळांचा गजर झाला.

काकांनी फोन बंद केला. मला त्यांच्याकडे बघवेना.

"मला आवाज आला होता, मृणाल," ते म्हणाले. "खरखर आली होती. आणि मी त्या पोरीला..."

काकू एवढंच म्हणाल्या, "मग इथे का बसलात?"

अनयाचं घर दहा मिनिटांवर. ती ड्राइव्हवेवर खडूने काहीतरी काढत होती. काका मला घेऊन तिच्यासमोर खाली बसले. गुडघा दुखतो त्यांचा, तरी बसले. ती वात त्यांनी माझ्या कडीतून ओढली. धागे अडकले.

"बघ. दोरा इथे तुटला. तू जोरात ओढलं नव्हतंस. तू सगळं बरोबर केलंस. मला लोकांसमोर लाज वाटली, म्हणून मी तुझ्यावर ढकललं. चुकलं माझं, बाळा."

अनयाने माझ्या टोकावरून बोट फिरवलं. "मग फिश?"

"गळाचा दात दाबलेला होता. निघाला असेल कदाचित. नसेलही. मला माहीत नाही."

"हे रेड काय आहे?"

"कुंकू. मी लावायचो. दर दसऱ्याला."

"पण चेक नाही केलंस?"

"नाही."

तिने वात त्यांच्या हातातून घेतली आणि माझ्या उरलेल्या पाचही कड्यांमधून एकेक करून ओढली. "धिस वन इज ओके. ओके. ओके." पाचव्या कडीनंतर ती म्हणाली, "आजोबा, त्या माणसाने सांगितलं होतं तुला."

"हो गं," काका म्हणाले आणि त्यांची मान खाली गेली. मी जन्मभर माशांपुढे वाकत आले, मित्रांनो. इतकं खरं वाकणं मला कधी जमलं नाही.

पुढे ती जांभळी काठी घरी आली. दुकानात अनयाने आधी तिच्या प्रत्येक कडीतून कापूस ओढून पाहिला. तो दाढीवाला विक्रेता टोपी काढून उभा राहिला होता. माझी टोकाची कडी बदलली आहे. मी काकांबरोबर अजूनही तळ्यावर जाते, जांभळीच्या शेजारी उभी राहते. निघण्याआधी अनया आम्हा दोघींच्या कड्यांमधून वात फिरवते. ती ठासून सांगते, "आजोबा, नो शॉर्टकट्स."

दसरा जवळ आला आहे. या वर्षी कुंकू मुठीला लावायचं, असं ठरलंय.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादी जुनी वस्तू असेल, सायकल, कंदील, आजीचं शिवणयंत्र, तर तिला ओवाळण्याआधी एकदा बोट फिरवून बघा. तिला कुठे तडा गेला असेल तर ती सांगणार नाही. कौतुकाची हाव आम्हालाही असते. आणि कधी तुमचा दोष दुसऱ्यावर गेलाच, तर उशीर झाला तरी जा आणि सांगा. काकांना सांगायला अनया भेटली. माझा तो मासा मात्र खोल पाण्यात आहे. दर वेळी काका गळ टाकतात तेव्हा मी टोक पाण्याकडे लववते, ते त्याच्यासाठी.