पिंपातलं विरजण

आमच्या वन्संना स्वच्छतेचं भूत लागलंय. बकुळाताई मोरिवलीला माहेरपणाला आल्या की आधी मी घासलेली भांडी परत घासतात. त्याची मला सवय झालीय. पण परवा आम्ही दोघं कल्याणला लग्नाला गेलो आणि बाईंनी माशांच्या टाकीचं दुसरं पिंप धुतलं.

कंपनीला टाळं लागलं तसे आमचे हे मुकेच झाले होते. मग परसात टाकी बांधली, रोहू सोडले आणि माणूस बोलायला लागला. टाकीतलं पाणी पहिल्या पिंपात येतं, तिथे माशांची घाण तळाला बसते. तो गाळ रोज केळीला घालायचा. पुढे पाणी दुसऱ्या पिंपातल्या खडीतून अळूला जातं आणि परत टाकीत. त्या खडीवर बुळबुळीत थर धरतो, तोच पाण्यातलं विष खातो. वन्संनी नेमकी तीच खडी सोड्याने घासून उन्हात वाळवली.

काल सकाळी सगळे मासे वर येऊन तोंडं उघडत होते. दोन उलटे झाले होते. हे उंबऱ्यावर बसले ते गप्पच. मासे गेले तर हा माणूस परत हातचा जाणार.

“केवढा बुळबुळाट होता गं, मला वाटलं तू आळशी,” वन्सं म्हणाल्या.

“ते विरजण होतं, वन्सं. तुम्ही विरजणाची वाटी घासून ठेवलीत.”

त्यांचा चेहरा पडला. पदर खोचत म्हणाल्या, “मग मागून आणू की. कुणाकडे आहे?”

विरजण कोणी माशांचं मागतं का, असं माझ्या जिभेवर आलं होतं. तेवढ्यात हे म्हणाले, “बदलापूर गावात कंपनीतल्या हरिचंद्रने टाकी केली, तेव्हा आपलीच खडी दिली होती.”

विष पातळ व्हावं म्हणून हे विहिरीचं पाणी टाकीत ओतत राहिले, आम्ही दोघी रिक्षाने गेलो. येताना खडीचं ओलं पोतं वन्संनी मांडीवर घेतलं. थर वाळू नये म्हणून वरून पदर घातला. नव्या लुगड्यावर काळं पाणी ओघळत होतं. “हळू चालव रे बाबा,” एवढंच त्या बोलत होत्या.

खडी पिंपात पडली. घाण वाढू नये म्हणून माशांना दाणा बंद. संध्याकाळपर्यंत आणखी तीन गेले.

आज उजाडता उजाडता पाहिलं तर पाण्यावर एकही तोंड नाही. सगळे गेले की काय! वन्सं मटकन खाली बसल्या. यांनी चिमूटभर कोंडा टाकला आणि पाणी खालून उसळलं.

“ताई,” हे म्हणाले, “ते लुगडं तरी धू आता.”