सैल पडलेली तार

"पाणी बदललं, आम्ल बदललं, आता मलाच बदला म्हणजे झालं," पीएचडी करणारी पोरगी माझ्या कानाशी पुटपुटली. मी प्रयोगशाळेतली काचेची भांडी विसळत होते.

सकाळीच कारखान्याचं पुन्हा पत्र आलं होतं: तुमचा मिश्रधातू आमच्या फ्युएल सेलमध्ये चालत नाही. अशा सेलमध्ये हायड्रोजनपासून वीज करायला महागडं प्लॅटिनम लागतं. प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांचा निकेल-लोखंडाचा मिश्रधातू तेच काम प्लॅटिनमवाचून करतो, हे दाखवण्यात त्यांची हयात गेली. निवृत्ती महिन्यावर आली होती.

आमच्या चाचणीच्या भांड्यात मात्र मिश्रधातूसमोर प्लॅटिनमची तार असते. आम्लात ती कणाकणाने झिजते आणि झिजलेलं प्लॅटिनम समोरच्या मिश्रधातूवर जाऊन बसतं. मला हे पुस्तकातून नाही कळलं. तार बारीक होऊन पकडीत सैल पडायला लागली, म्हणून मी टेपचा एक वेढा दिला. पुढच्या वर्षी दुसरा.

नऊ वर्षांपूर्वी इथे एक विद्यार्थिनी होती. सदा पेन्सिल कुरतडायची, म्हणून आमची खारुताई. तिने तारेऐवजी कार्बनची कांडी लावून पाहिली, तर वीजप्रवाह पार झोपला. "तुझ्या हाताला गुण नाही," सर म्हणाले. ती रडली नाही. माझ्याकडे बघत राहिली फक्त, आणि मी भांडी विसळत राहिले. सरांनीच मला नोकरीला लावलं होतं. मिठाला जागणं म्हणतात त्याला, किंवा भित्रेपणा; चव सारखीच. खारुताई शिक्षण सोडून गेली. कुठल्याशा दुकानात चष्मे विकते म्हणे.

"त्यांचं पाणीच खराब असेल," सरांचे मदतनीस, आमचे धाकटे सर, म्हणाले. "किंवा हायड्रोजन."

"किंवा ग्रह," मी म्हटलं.

सर पोरीकडे वळले. "नमुना तूच तयार केला होतास ना? काही काही हातांना..."

पोरीची मान खाली गेली.

"सर," मी म्हटलं. हातमोज्यांतून पाणी फरशीवर गळत होतं.

"मावशी, नंतर," धाकटे सर घाईने म्हणाले. म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं तर.

"नंतर-नंतर करत नऊ वर्षं गेली. सर, आपला मिश्रधातू कधी चाललाच नाही. काम सगळं त्या तारेचं प्लॅटिनम करत होतं. खारुताईचं बरोबर होतं, आणि मला ते तेव्हाच कळलं होतं."