पडद्याला हात पुसू नका

मित्रांनो, आधी हात मागे घ्या. मला शिवू नका, माझी मलाच किळस येते! धंतोलीतल्या एका इस्पितळाच्या तातडीच्या विभागात, दोन खाटांच्या मध्ये लटकणारा जुना हिरवा पडदा आहे मी.

इतवारीच्या कापडाच्या दुकानात ताग्यात होतो, तेव्हा गिऱ्हाइकं माझा पोत वाखाणायची. इथे आलो आणि कुणी ओकारीचे हात मला पुसले, कुणी शेंबूड. सुपारी-तंबाखूचा खर्रा खाणाऱ्या एका मामांनी तर तोंडच पुसलं. शी! बेसिन समोरच आहे हो. मला धुवायचं कुणाच्या ध्यानात येईना. आकडे तुटले, वास सुटला, मग मला कुणी ओढेनासं झालं. रोगी सगळ्यांसमोर वरवर तपासले जाऊ लागले.

एके दुपारी मौद्याकडचे देवराव आले. अंग फणफणलेलं, धाप लागलेली. आधी डेंग्यू समजून उपचार झाले होते.

"ताप उतरूनच नाही राहिला, मॅडम," त्यांची बायको अंजनाबाई रडकुंडीला आली होती.

डॉक्टर रितिकांनी विचारलं, "काका गवतात गेले होते का?"

"वावराच्या बांधाचं, धुऱ्यावरचं गवत त्यायनंच कापलं ना."

"मग सगळं अंग पाहावं लागेल. गवतातला बारीक किडा चावला असेल, तर कुठेतरी काळी खपली असते. ती दिसली तर औषध लवकर देता येईल. उशीर झाला तर जिवावर बेतेल."

देवरावांनी पायजम्याची नाडी घट्ट धरली. "इतके लोक पाहून राहिले. मी नाही सोडत." शेजारच्या खाटेचे नातेवाईक खरंच माना वळवून बघत होते.

"विक्की, पडदा ओढा."

वॉर्डबॉय विक्कीने नाक मुरडलं. "त्याले हात नका लावू मॅडम, लय गंदा आहे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या घाणीपायी हा माणूस जाणार की काय?

अंजनाबाईंनीच पुढे होऊन मला ओढलं आणि दोन्ही हातांनी धरून ठेवलं. तेव्हा कुठे देवरावांची मूठ सुटली. कमरेच्या करदोड्याखाली काळी खपली होती.

"ते दोऱ्यानं काचलं," देवराव पुटपुटले. घरच्यांचाही तोच समज होता.

"नाही काका. हा त्या किड्यामुळे येणारा ताप, स्क्रब टायफस वाटतो." रक्त तपासायला गेलं, पण औषध लगेच सुरू झालं.

ताप उतरला. अंजनाबाई मुद्दाम सांगायला आल्या, "आज त्यायनं जेवाले मागितलं, मॅडम!" आणि आनंदाने रडता रडता नाक पुसलं ते मलाच! अहो बाई, पदर कशाला आहे?

डॉक्टरांनी मला त्याच दिवशी धुवायला धाडलं. आता मला साबणाचा वास येतो आणि आकडेही नवे आहेत. शेजारच्या खाटेवर मयुरा नावाची मुलगी तापाने तळमळते आहे, पण सगळ्यांसमोर अंग दाखवायला लाजते. मला ओढा, मित्रांनो. पण आधी हात धुऊन या.