दहावं बटण

"झाल्या की नऊ," बाकापाशी थांबून गुडघ्यावर हात टेकत हे म्हणाले.

"आठ."

"अगं, मी मोजल्यात."

"तुम्ही मोजायचं नाही, तुम्ही चालायचं. मोजायचं काम माझं."

माझ्या हातातली बाटली घेऊन ते दोन घोट पाणी प्यायले, चोरानं पोलिसाकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा कुंपणालगतच्या वाटेनं चालू लागले. डावा पाय जरा ओढत होते. मला दिसत नव्हतं असं नाही. पण तपासणी उद्यावर आली होती आणि तपासणीच्या यंत्राला कुणाच्या गुडघ्याची दया येत नाही. मी स्वेटरच्या डाव्या खिशातलं एक बटण उजव्या खिशात टाकलं आणि बाकावर बसून राहिले.

ही बटणं माझ्या शिवणाच्या डब्यातली. मी घरी बसून लोकांचे कपडे उसवून-टाचून देते, त्यामुळे जोडी हरवलेल्या बटणांना आमच्याकडे तोटा नाही. वसाहतीला एक फेरी म्हणजे पाच मिनिटं, अशा रोज नऊ फेऱ्या मारायच्या असं आमचं ठरलेलं. बटणं मात्र मी दहा घ्यायची. हे मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. माणूस शेवटाला कुठेतरी लबाडी करतोच, मग आपण आधीच एक फेरी पदरात पाडून घेतलेली काय वाईट?

हे लिफ्ट दुरुस्त करतात. या परक्या देशात येऊन आम्हाला अकरा वर्षं झाली. दर दोन वर्षांनी राहण्याचा परवाना नवा करावा लागतो आणि त्याआधी घरातल्या सगळ्यांची तपासणी होते. फाईल तिघांची एकच. एकाचं अडलं की तिघांचं अडलं. तीन महिन्यांपूर्वी कंपनीच्या डॉक्टरनं ह्यांचं रक्त आधीच बघून घेतलं तेव्हा साखर निघाली सात पॉइंट चार. इथली मर्यादा सात. सात म्हणजे सात, त्यात वरखाली नाही. विसाव्या मजल्यावरच्या उघड्या खड्ड्यात वाकून काम करणाऱ्या माणसाला भोवळ आली तर काय होईल, हे त्या डॉक्टरनं हातवारे करून दाखवलं होतं. मला ते हातवारे अजून दिसतात.

आणि आमच्या लेकीचं इथल्या शाळेचं शेवटचं वर्ष. परीक्षा आता पाच महिन्यांवर. आत्ता इथून उठावं लागलं तर तिकडे कुठलीच शाळा तिला मधूनच घेणार नव्हती. मी चार ठिकाणी फोन करून विचारलं होतं. पोरगी दात घासतानासुद्धा सूत्रं पुटपुटते, तिचं वर्ष कसं वाया घालवायचं? म्हणून त्या दिवसापासून मी कंबर कसली. म्हणजे चालायचे हे, पण कंबर कसली मी.

तीन महिने ह्यांना लिफ्ट बंद. लिफ्टवाला जिन्यानं चढतो म्हणून शेजारपाजारचे हसायचे. आम्ही सहाव्या मजल्यावर राहतो. हे जिन्यानं निघाले की मी लिफ्टनं वर जाऊन दारात उभी राहायची, मध्ये कुठे टेकले तर उशिरावरून कळावं म्हणून. संध्याकाळी भिंतीला हात लावून उठाबशा. शाळेत मास्तरांनीसुद्धा इतक्या काढायला लावल्या नव्हत्या, असं हे म्हणायचे.

स्वयंपाकघरात तर मी जमादारच झाले होते. पण हाताला वीस वर्षांची सवय, कणीक तेवढीच मळली जायची. मग ह्यांच्या ताटातल्या चारातल्या दोन पोळ्या मी उचलायची. भाताचा डोंगर अर्धा करायची. उचललेलं टाकायचं कुठे? अन्न टाकवत नाही. ते मी ओट्यापाशी उभ्या उभ्या संपवून टाकायची. ह्यांच्या कामावरच्या कुणी मिठाईचा डबा दिला, तो डोळ्यांसमोर राहिला तर ह्यांचा जीव जाईल, म्हणून तोही दोन दिवसांत मीच संपवला. बिस्किटांचंही तेच. घरात मोह नको! दिवसभर घसा सुकायचा, पायांना मुंग्या यायच्या. मी म्हणायची, पहाटे उठण्याचा शीण आहे, दुसऱ्यासाठी राबायचं म्हणजे एवढं व्हायचंच.

तपासणीच्या दिवशी आम्ही साडेआठालाच जाऊन बसलो. प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर आकडे दाखवणारा पडदा, आणि प्रत्येकाच्या मांडीवर कागदांची पिशवी. आमचे आकडे एक्केचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस. हे खुर्चीत टेकेनात. खिडकीपासून दारापर्यंत येरझाऱ्या घालत होते.

"बाबा, बसा ना. लोक बघतायत," लेक म्हणाली.

"चालू दे त्यांना. शेवटच्या क्षणी पॉइंटभर उतरली तर उतरली," मी म्हटलं.

"तीन महिन्यांची सरासरी असते ती, आई. आता चालून काही होत नाही."

"तुला काय कळतंय! झोप ना आत जाऊन अभ्यास करून," असं काहीतरी मी बरळले. तोंडाला कोरड पडली होती. ह्यांची बाटली मी एकटीनंच संपवली.

एक्केचाळीस लागला. नर्सनं ह्यांचं बोट टोचलं, थेंब पट्टीवर घेऊन पट्टी यंत्रात सरकवली. यंत्राला सहा मिनिटं लागतात. मी आडोशाच्या कापडी पडद्याच्या फटीतून बघत उभी. सहा मिनिटांत मी जेवढे देव आठवले तेवढे लग्नातसुद्धा आठवले नसतील.

"सहा पॉइंट सहा," नर्स म्हणाली. "छान. काय केलंत?"

ह्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हिला विचारा."

मला रडूच आलं. दवाखाना आहे, माणसं आहेत, कशाचं भान राहिलं नाही. मी ह्यांच्या शर्टाची वर दुमडलेली बाही खाली ओढून नीट केली, तेवढंच जमलं. लेकीचं काम दहा मिनिटांत झालं. आता राहिला त्रेचाळीस, आणि त्याची मला कसली काळजी? मी आपली बोट पुढे करून नर्सशी बोलत बसले. नऊ फेऱ्यांचं सांगितलं, जिन्याचं सांगितलं. ती हसत होती. मग यंत्राकडे बघितलं आणि हसायची थांबली.

"बाई, मधुमेह आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं का?"

"मला नाही, ह्यांना."

"मी तुमचं विचारतेय."

"मग पट्ट्यांची अदलाबदल झाली असेल. सकाळपासून गर्दी आहे तुमच्याकडे."

तिनं दुसरं बोट मागितलं, नवी पट्टी काढली, माझ्या देखत पाकीट फोडलं. पुन्हा सहा मिनिटं. या वेळी मला एकही देव आठवला नाही. आठवत होत्या त्या ओट्यापाशी उभ्यानं खाल्लेल्या पोळ्या, एकेक करून. हे माझ्या खुर्चीच्या मागे येऊन उभे राहिले होते. लेकीच्या हातातलं पुस्तक मिटलेलं होतं.

"आठ पॉइंट तीन," नर्स हळू आवाजात म्हणाली. "आधीही तेच आलं होतं. व्यायाम काही करता?"

"रोज पहाटे पाऊण तास खाली जाते ना ह्यांच्याबरोबर."

"चालायला?"

ह्यांनी खाली फरशीकडे बघितलं. त्यांना वाटलं असेल, मी हो म्हणेन. एरवी म्हटलंही असतं.

"बसायला," मी म्हटलं.

नर्सनं कागदावर शिक्का मारला. तीन महिन्यांचा तात्पुरता परवाना. तीन महिन्यांनी माझी एकटीची तपासणी पुन्हा, आणि तेव्हा आकडा सातच्या आत आला नाही तर फाईल बंद आणि तीस दिवसांत निघायचं. तीन महिने आणि एक महिना मिळून चार होतात, परीक्षा पाच महिन्यांवर. एवढं मोजायला काही बटणं लागत नाहीत.

आम्ही परत आलो. इमारतीपाशी हे सवयीनं जिन्याकडे वळले. मी लिफ्टसमोर उभी राहिले. जिन्यानं जायला हवं होतं, कळत होतं, पण बोट आधीच लिफ्टच्या बटणावर गेलं होतं. लिफ्टच्या आरशात मी स्वतःला बघितलं. स्वेटर पोटावर ताणलेला. त्याची खालची दोन बटणं मी महिन्यापूर्वीच सरकवून लावली होती, माझ्याच हातानं. लोकरीला दोष दिला होता. स्वतःची इतकी लाज मला उभ्या आयुष्यात वाटली नव्हती. ज्या माणसाला तीन महिने घासाघासाला टोकलं, तो सुटला आणि मीच सगळ्यांना अडकवलं!

लेकीनं घरात येताच दप्तर खाली ठेवलं. "आई, मी पुढच्या वर्षी तिकडे देईन परीक्षा. एक वर्षानं काय फरक पडतोय?"

"गप्प बस," मी म्हटलं. "अभ्यासाला लाग."

ती खोलीत गेली. ती समजूतदारपणे बोलली म्हणूनच ते जास्त लागलं. ओरडली असती, भांडली असती तर मला तरी उलट भांडता आलं असतं.

जेवायला बसलो. सवयीप्रमाणे मी चार पोळ्या ह्यांच्या ताटात वाढल्या, मग सवयीप्रमाणेच दोन काढायला हात पुढे केला, आणि हात तिथेच राहिला. त्या दोन पोळ्यांचं आता काय करायचं, ते मला खरोखरच सुचेना. ह्यांनी त्या स्वतः उचलल्या, डब्यात घातल्या आणि डबा फ्रिजमध्ये ठेवून दिला. "उद्या सकाळी हिच्या शाळेच्या डब्याला होतील," म्हणाले. तो फ्रिज आमच्या घरात अकरा वर्षं आहे.

मग ते जेवायला बसले. ह्यांना पालेभाजी आवडत नाही, रोज थोडी उरायचीच. त्या दिवशी शेवटची काडीसुद्धा बोटानं पुसून खाल्ली. आणि पहिलीतला पोरगा पाटी दाखवतो तसं रिकामं ताट तिरकं करून मला दाखवलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे एकटीनंच खाली जायचं ठरवून मी उठले. ह्यांची परीक्षा झालेली, गुडघा दुखतोय, झोपू दे म्हटलं. अंधारात चाचपडून स्वेटर घातला. खिशात हात घातला तर बटणं नव्हती. बाजूला बघितलं तर अंथरूणही रिकामं.

सहा मजले जिन्यानं उतरून खाली आले तेव्हा हे बाकावर बसलेले होते. मांडीवर बाटली, अंगात जाकीट.

"उशीर झाला," म्हणाले.

"तुम्ही कशाला आलात? गुडघा…"

"मोजायला कुणी नको?"

मी चालू लागले. पहिली फेरी बरी गेली. दुसरीला तळवे जळायला लागले. तिसरीला कुंपणापलीकडच्या गाड्यांचे दिवे डोळ्यांसमोर हलायला लागले, तेव्हा मी थांबून जाळीला धरलं, श्वास घेतला आणि पुन्हा निघाले. ही वाट तीन महिने मी नुसती बाकावरून बघितली होती. मागच्या बाजूला तिला एवढा चढ आहे हे मला ठाऊकच नव्हतं. ह्यांनी कधी सांगितलं नाही. चौथीनंतर मी पाणी प्यायले, ह्यांनी बाटली परत घेतली. पाचवी संपवून बाकापाशी आले तेव्हा तोंडातून शब्द फुटत नव्हता.

"झाल्या ना पाच?" कसंबसं विचारलं. पहिल्या दिवशी पाच पुरे, असं मी जिना उतरताना मनाशी ठरवलं होतं.

ह्यांनी जाकिटाच्या खिशात हात घातला. आत बटणांचा बारीक आवाज झाला.

"चार," म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते, बाटलीचं झाकण घट्ट करत होते. ते घट्टच होतं.

दहावं बटण त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं तर. तीन महिने रोज ती एक फेरी हा माणूस समजून-उमजून, दुखरा पाय ओढत चालला होता.

मी स्वेटरच्या बाह्या वर सारल्या आणि पाचव्या फेरीला निघाले.