बाळाच्या डोक्याचं माप

फॅब्रिकेटरने चार इंची लाकडी चेंडू जिन्याच्या कठड्याच्या दोन गजांमधून ढकलला आणि पलीकडे दुसऱ्या हाताने अलगद झेलला.

"बघा ताई, चेंडू गेला म्हणजे बाळाचं डोकंही जाणार. नियमच आहे तसा. आता प्रत्येक फटीत एक गज वाढवतो, मग मांजरसुद्धा तोंड वाकडं करून परत जाईल."

हे सगळं तो कुजबुजत बोलला. तीन महिन्यांपूर्वी तो मापं घ्यायला आला तेव्हा तिला सातवा महिना होता. बाळ घरी येईल तेव्हाची म्हणून आजची तारीख त्यानेच ठरवली होती. बाळ अगदी वेळेवर आलं, आणि दोन दिवसांत दवाखान्यातच गेलं. काम रद्द करायचा फोन नवरा करणार होता. त्याच्याने तो झाला नव्हता.

"झोपलंय ना?" त्याने बंद खोलीकडे बोट केलं.

तिने सांगायला तोंड उघडलं. आठवडाभर जो तो तिला बघून मान खाली घालत होता. हसऱ्या चेहऱ्याने बाळाची चौकशी करणारा हा पहिलाच माणूस.

"हो," ती म्हणाली. खोटं बोलल्याची तिला जराही लाज वाटली नाही.

"मग मशीन नको. कानसच चालवतो. वेळ लागेल, लागू दे. आमच्या धाकटीला झोपवताना नाकी नऊ यायचे."

तो गजांची टोकं हाताने घासू लागला. ती वरच्या पायरीवर बसली. एखादा गज खणकला की तो जीभ चावून खोलीकडे बघायचा. तीही बघायची. छातीत दूध दाटून आलं होतं. वेड्या शरीराला कोणी काही कळवलंच नव्हतं.

सहावा गज बसत होता तेव्हा नवरा आला. त्याचा चेहरा दारातच उतरला. दोन-दोन पायऱ्या चढत तो वर आला.

"अहो, थांबवा हे. मी तुम्हाला फोन करणार—"

"साहेब, हळू!" फॅब्रिकेटरने ओठांवर बोट ठेवलं. "बाळ उठेल."

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. तिने नुसती मान हलवली, नको म्हणून.

मग नवऱ्याने वाकून पायातले बूट काढले, आवाज न करता बाजूला ठेवले आणि तिच्याशेजारी बसला.

"अजून किती गज राहिलेत?" त्याने विचारलं, अगदी हळू.